मंग पाहू

२०२० च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सावरगावात त्या दिवसांत रात्री कुणाला लवकर झोप लागत नव्हती. टाळेबंदीनं माणसं घरात कोंडलेली, जाम नदीचं पात्र उन्हानं आटलेलं, आणि काटोलकडच्या सोयऱ्यांचे फोन सुरू झालेले: टोळ आले. वरूड-मोर्शीच्या बाजूनं निघालेली धाड काटोल तालुक्यात उतरली होती. आमचं गाव मध्य प्रदेशात, काटोल महाराष्ट्रात. पण संत्र्याचा पट्टा एकच आहे, सोयरीक एकच आहे, आणि वारा फिरला असता तर टोळांची वाटही एकच झाली असती. बाबा संध्याकाळी बगीच्यात जाऊन आंबिया बहाराच्या कोवळ्या फळांकडे पाहत उभे राहायचे. घरात थाळ्या, रिकामे डबे, पत्र्याचे तुकडे हाताशी काढून ठेवले होते. त्यांच्याशेजारी एक बाटली होती. कपाशीच्या हंगामातून उरलेली, अर्धी भरलेली.

"हे संत्र्यावर चालते का?" मी विचारलं.

"आत्ता तं झाड वाचू दे," बाबा म्हणाले, "मंग पाहू."

धाड आमच्या बगीच्यापर्यंत आली नाही. बाटली तशीच राहिली. बाबांचे ते शेवटचे दोन शब्द मात्र तेव्हापासून माझ्या मनात आहेत. संकटकाळी मनाई असलेल्या गोष्टीला जी मुभा दिली जाते, तिचं सगळं तत्त्वज्ञान त्या दोन शब्दांत आहे असं मला वाटतं. पहिला शब्द धोक्याला पुढच्या वेळेवर ढकलतो. दुसरा शब्द वचन देतो, की ती वेळ आली की आपण खरंच पाहू. या वचनाचं पुढे काय होतं, तेवढाच माझा प्रश्न आहे.

कीटकनाशक सरसकट मंजूर होत नसतं. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत, आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, एवढं सगळं मिळून एक मंजुरी होते. कृषी केंद्रात आणि कृषी खात्यात तिला 'लेबल क्लेम' म्हणतात. यामागचा कायदा १९६८ चा. त्याच्या मुळाशीही एक आपत्तीच आहे. १९५८ साली केरळ आणि मद्रासकडे पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नानं शंभरावर माणसं दगावली, चौकशी झाली, आणि दहा वर्षांनी संसदेनं कीटकनाशक अधिनियम केला. म्हणजे बाटलीवर जी बारीक अक्षरं असतात आणि ज्यांच्याकडे आपण डोळा टाकत नाही, ती मेलेल्या माणसांच्या हिशेबातून आलेली आहेत.

आता वाळवंटी टोळ हा काही संत्र्याचा नेहमीचा शत्रू नाही. आमच्याकडे कोळशी येते, डिंक्या येतो. राजस्थानच्या वाळवंटाबाहेर टोळ इतक्या आत येतील हे कुणी गृहीत धरलं नव्हतं, म्हणून पिकांवर आणि झाडांवर त्यांच्यासाठी काय फवारायचं याची यादी घाईनं, तात्पुरत्या मान्यतेनं काढावी लागली. तिच्यात क्लोरपायरिफॉस होतं, मॅलाथिऑन होतं, डेल्टामेथ्रिन होतं. ड्रोननं फवारायचं तर उड्डाणाचे नियम आडवे येत होते. नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं मे महिन्यातच त्यातून सशर्त सूट दिली. टोळ दिवसा उडतात आणि अंधार पडला की झाडांवर बसतात, त्यामुळे काम रात्रीचं आणि पहाटेचं. ट्रॅक्टरवरचे पंप गेले, अग्निशमन दलाचे बंब गेले. हे सगळं आवश्यक होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक चौरस किलोमीटरची लहानशी धाड एका दिवसात ३५ हजार माणसांच्या पोटाएवढं खाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा हिशेब आहे. ज्यानं बहार धरला आहे त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

पण त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट घडली होती. १४ मे २०२० रोजी केंद्राच्या कृषी मंत्रालयानं २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. माणसांना, जनावरांना, मधमाश्यांना, पाण्याला त्यांच्यापासून धोका आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्या सत्तावीस नावांत मॅलाथिऑन होतं, क्लोरपायरिफॉस होतं, आणि डेल्टामेथ्रिनही होतं. एकाच मंत्रालयाच्या एका टेबलावर या तीन औषधांना निरोप देण्याची तयारी चालली होती आणि दुसऱ्या टेबलावरून त्यांनाच मदतीला बोलावलं जात होतं. यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. दोन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आणि आपत्तीचा पेच खरा असतो तो नेमका अशाच वेळी.

आपल्या परंपरेनं या पेचाला फार जुनं नाव दिलेलं आहे: आपद्धर्म. महाभारताच्या शांतिपर्वात त्यावर एक अख्खं उपपर्वच आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरी कुत्र्याचं मांस चोरायला जातो आणि तो चांडाळच त्याला धर्म समजावून सांगतो, ही त्यातली प्रसिद्ध कथा. पण मला तिच्याहून लहान, तिच्याहून जुनी आणि कितीतरी अधिक काटेकोर अशी एक गोष्ट नेहमी आठवते. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातली उषस्ति चाक्रायणाची.

कुरू देश 'मटची'नं उद्ध्वस्त झाला होता, अशी तिची सुरुवात आहे. हा शब्द दुर्मीळ. शंकराचार्यांच्या भाष्यात त्याचा अर्थ आकाशातून कोसळणारी अशनी असा येतो, पुष्कळ जण गारा म्हणतात. आणि काही आधुनिक अभ्यासकांनी त्याचा संबंध कन्नडमधल्या 'मिडिचे' या टोळाच्या नावाशी जोडून कुरूंचं पीक टोळांनी खाल्लं असं म्हटलं आहे. गारा असोत की टोळ, संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला दोन्ही ठाऊक आहेत. तर असा दुष्काळ पडलेला, आणि उषस्ति आपल्या बायकोसह हत्ती बाळगणाऱ्यांच्या गावात आश्रयाला आलेला. तिथे एक माहूत कुल्माष खात बसला होता. कुल्माष म्हणजे कुळथासारखं हलकं कडधान्य. उषस्तीनं त्याच्याकडे मागितलं. माहूत म्हणाला, पानात वाढून घेतलेल्याशिवाय दुसरे माझ्याकडे नाहीत. उषस्ति म्हणाला, त्यातलेच दे. त्यानं दिले, आणि वर पाणीही पुढे केलं. पाणी मात्र उषस्तीनं नाकारलं; ते उष्टं होईल, म्हणाला. माहुतानं साहजिक विचारलं, मग कुल्माष उष्टे नव्हते का? त्यावर त्याचं उत्तर असं, की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवं तिथे मिळेल.

मुभेची सीमा इतक्या नेमकेपणानं आखलेली दुसरी जागा मला माहीत नाही. एकच हात, एकच पान, एकच क्षण. कुल्माषांपाशी आपत्ती होती, पाण्यापाशी नव्हती. उपाशी माणूस त्या दोहोंमधली रेघ पाहू शकला. आणि ती रेघ त्यानं स्वतः ओढली. कुणी त्याच्यावर देखरेख ठेवायला नव्हतं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अधिक शिकवून गेला. उरलेले कुल्माष उषस्तीनं बायकोसाठी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, म्हणून तिनं ते खाल्ले नाहीत, झाकून ठेवले. नवऱ्याची आपत्ती ही तिची आपत्ती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, थोडं अन्न मिळालं असतं तर राजाच्या यज्ञाला जाऊन चार पैसे मिळवता आले असते. तिनं ते शिळे, उष्टे कुल्माष पुढे केले, ते खाऊन तो गेला, आणि यज्ञात त्याला काम मिळालं. म्हणजे मुभेला मुदतवाढ मिळाली. पण ती आपोआप मिळाली नाही. भूक नव्यानं तपासली गेली, आणि आपत्तीतून बाहेर पडायची वाट समोर असताना शेवटचा घास घेतला गेला. पुढे बादरायणांनी ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हीच गोष्ट आधाराला घेऊन ठरवलं, की सर्व अन्नाची अनुमती आहे ती प्राणावर बेतलं असेल तेव्हा. 'अनुमती' हा त्यांचाच शब्द.

या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे आणि तिथे आपली आजची व्यवस्था तिच्यापासून पार तुटते. उषस्तीनं मुभा मागितली, घेतली, आणि तिचा दोषही स्वतःच्याच अंगावर घेतला. तीन कामं, माणूस एक. शेतात तसं होत नाही. मुभा मागतो पिकाचा मालक किंवा त्याच्या वतीनं कुणी, मुभा देते फरिदाबादची किंवा दिल्लीची समिती, आणि ती अंगावर घेतो पाठीवर पंप बांधलेला माणूस. तो कोणत्याच अर्जावर नसतो.

यवतमाळचं २०१७ आठवतं. त्या वर्षी कपाशी डोक्यावर गेली होती. पंपाची नळी वर धरून फवारायचं आणि तुषार आपल्याच तोंडावर घ्यायचे, असं चाललं होतं. दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली, तोंडाला फार तर रुमाल. शेकडो जणांना विषबाधा झाली, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनानं यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली. साठ दिवसांची. फवारणीचा मुख्य हंगाम तोवर उलटून गेला होता.

हे साठ दिवस कुठून आले म्हणून मी कायदा उघडला. कलम २७. माणसाच्या किंवा जनावराच्या जिवाला धोका दिसला, तर चौकशी होईपर्यंत केंद्र किंवा राज्य सरकार एखाद्या कीटकनाशकाची विक्री आणि वापर थांबवू शकतं. फार तर साठ दिवस, आणि चौकशी अपुरी राहिली तर आणखी तीस. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत कलम ५३ आहे. दुसरा काहीच उपाय नसेल तर मंजूर नसलेलं औषधही वापरू द्यायची सोय त्यात आहे, आणि तिला मर्यादा १२० दिवसांची. दोन्हीकडे आणीबाणी आहे, दोन्हीकडे दिवस मोजलेले आहेत. फक्त तिथे घड्याळ मुभेला बांधलं आहे आणि आपल्याकडे बंदीला. आपल्या कायद्याच्या मनात औषध चालू असणं ही साधी स्थिती आहे, थांबणं हा अपवाद. म्हणून थांबण्याचीच मुदत संपते.

तिथलं घड्याळ नीट चालतं असंही नाही. मधमाश्यांना घातक ठरलेल्या निओनिकोटिनॉइड गटाच्या तीन औषधांवर युरोपात २०१८ साली शेतातल्या वापरापुरती बंदी आली, आणि त्यानंतर साखर-बीटच्या बियाण्यासाठी अनेक देशांनी वर्षामागून वर्ष आणीबाणीची परवानगी दिली. दर वर्षी नवा अर्ज, दर वर्षी १२० दिवस, दर वर्षी तीच आणीबाणी. अखेर १९ जानेवारी २०२३ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की स्पष्ट बंदी असलेलं औषध चोळलेलं बियाणं या दारातून आत आणता येणार नाही. इंग्लंड तोवर संघातून बाहेर पडलेलं होतं. तिथे २०२१ ते २०२४ अशी चार वर्षं परवानगी मिळत गेली आणि २०२५ साली नाकारली गेली. यातलं पहिलं वर्ष मला लक्षात ठेवावंसं वाटतं. २०२१ ची परवानगी सशर्त होती: माव्यानं पसरणाऱ्या रोगाचा अंदाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला तरच वापरायचं. हिवाळा कडक पडला, मावा मेला, अंदाज खाली आला, आणि हातात परवानगी असूनही औषध वापरलं गेलं नाही. उषस्तीनं न घेतलेलं पाणी मला तिथे दिसलं.

बोरिस उवारोव या कीटकशास्त्रज्ञानं १९२१ साली दाखवून दिलं, की एकटा राहणारा साधा नाकतोडा आणि धाड घालणारा टोळ हे दोन वेगळे प्राणी नव्हेत. दाटी झाली, अंगाला अंग घासू लागलं, की त्याच किड्याचा रंग बदलतो, चाल बदलते, भूक बदलते. परवानगीचंही असंच होत असावं. एकटी असते तोवर ती आपत्तीतला घास असते. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी आली की तिची जातच पालटते. ड्रोनचंच पाहा. २०२० साली टोळांपुरती सूट होती. एप्रिल २०२२ मध्ये ४७७ कीटकनाशकं ड्रोननं फवारायला दोन वर्षांची अंतरिम मान्यता मिळाली. ड्रोन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पंपाच्या पट्ट्यानं सोललेले खांदे मी जवळून पाहिले आहेत आणि यंत्रानं ते ओझं उचललं तर मला आनंदच होईल. पण संकटासाठी उघडलेलं दार संकट गेल्यावर बंद झालं का हे कुणी पाहायला गेलं नाही, आणि त्यातून रहदारी सुरू झाली, एवढं खरं. डीडीटीला शेतीतून १९८९ साली निरोप दिला. हिवतापासाठी म्हणून ठेवलेली त्याची मुभा पुढची कितीतरी वर्षं चालूच राहिली.

आमच्या गावाला मनाई आणि मुभा यांच्यामधली ही धूसर जागा नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि सावरगाव एका काठावरून व पांढुर्णा दुसऱ्या काठावरून दगड फेकतात. गोटमार. लोक जखमी होतात, जीवही गेले आहेत. जमावबंदीचे हुकूम निघतात, एकदा दगडांच्या जागी रबरी चेंडूही देऊन पाहिले. ते लोकांनी घेतले नाहीत. काठावर पोलीस असतात, रुग्णवाहिका असतात, डॉक्टरांचे तंबू असतात. लहानपणी मला त्या तंबूंचा आधार वाटायचा. आता त्यांच्याकडे पाहिलं की वाटतं, मनाई करणाऱ्यालाही पक्कं ठाऊक आहे की दगड पडणार आहेत, आणि त्यानं पट्ट्यांची तयारी करून ठेवली आहे. मलमपट्टी हवीच. ती नको असं म्हणणारा माणूस निर्दय असेल. पण ती बांधून झाल्यावर पुढच्या पोळ्यापर्यंतचं अख्खं वर्ष आपल्या हातात असतं, आणि ते आपण कसं घालवतो, तिथे मला अपराधी वाटतं.

कारण आपत्तीचा खरा हिशेब आपत्ती नसतानाच्या दिवसांत लिहिला जातो. टोळांचं २०२० सालचं संकट दोन वर्षं आधी उगवलं होतं. २०१८ च्या चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडला, कोरड्या वाळूत हिरवळ आली, आणि तिथे माणसाची नजर नव्हती तेव्हा टोळांच्या पिढ्या वाढल्या. यवतमाळची विषबाधा गुलाबी बोंडअळीच्या अनेक हंगामांनंतरची, वाणांच्या आणि सल्ल्याच्या अभावाच्या अनेक वर्षांनंतरची. शेतकऱ्याला सल्ला देणारा एकटा कृषी केंद्राचा दुकानदार उरला, तो दिवस कोणत्याच पंचांगात नोंदलेला नाही. बाबांनी अर्धी बाटली काढून ठेवली त्यात बेफिकिरी नव्हती. पंचवीस-तीस वर्षं जोपासलेली झाडं होती, आणि विचारायला माणूस नव्हता. विचारण्याजोगा माणूस जवळ असता तर 'मंग पाहू' म्हणायची वेळ बहुधा आली नसती.

त्या सत्तावीस नावांच्या मसुद्याचा निकाल २०२३ साली लागला. डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल पूर्ण बंद झाले. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद झालं, तेही आधी उरलेला साठा संपवायला अवधी देऊन. २०१३ साली बिहारमधल्या गंडामण गावात शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली होती, ती याच मोनोक्रोटोफॉसनं. बाकीच्यांपैकी काहींची मुभा कापून लहान केली: हे औषध राहील, पण या पिकांवर नाही. क्लोरपायरिफॉसला तीन पिकांवर मनाई झाली. बोर, तंबाखू, आणि लिंबूवर्गीय फळं.

म्हणजे संत्रा. तीन वर्षं आधी टोळांच्या रात्री जे यादीत होतं, ते संत्र्यासाठी आता नाही. आमच्यासाठी 'मंग' आला होता. कुणीतरी, उशिरा का होईना, पाहिलं होतं. हे मी मनापासून चांगलं म्हणून लिहितो आहे.

त्याच वर्षी पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात बगीच्यात कोळशी आली. पानं काळवंडली, हात लावला की बोटं चिकट व्हायची. बाबा दुकानातून बाटली घेऊन आले. मी चष्मा लावून लेबल वाचायला घेतलं. लाल त्रिकोण की पिवळा, पिकं कोणती, किडी कोणत्या. अक्षरं मुंगीएवढी होती. नाव तेच होतं, क्लोरपायरिफॉस. पिकांच्या यादीत संत्रा नव्हता, लिंबूवर्गीय असा शब्दही नव्हता. मी दोनदा वाचलं आणि बाबांना सांगितलं.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी झाडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वरून आभाळ भरून आलं होतं, दुपारनंतर फवारणी होणार नव्हती, आणि आज नाही तर आठवडाभर नाही. बांधावर पंप घेऊन आलेला माणूस सकाळपासून थांबला होता. पायात चप्पल, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, तोंडाला बांधायचा रुमाल अजून गळ्यात. ड्रमातलं पाणी त्यानं बादलीत काढून ठेवलं होतं. तो एकदा बाबांकडे आणि एकदा माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहत होता.

"पाटील," त्यानं विचारलं, "भरू का पंप?"